पहिल्या खंडाला कुबट वास येतोय, ठेवू की परत करू?

पत्र : ‘माऊस गार्ड’ या कॉमिक्स मालिकेतल्या ‘लेजंड्स ऑफ द गार्ड’ या संग्रहाचा दुसरा आणि तिसरा खंड माझ्याकडे आहे, दोन्ही नवे घेतलेले. पहिला कुठे नवा मिळेना, म्हणून वापरलेली प्रत ऑनलाइन मागवली. ती ऐन जुलैत आली. तिच्यात ‘बूम स्टुडिओज’ या प्रकाशकाचं नाव कुठेच नाही, तिसऱ्या खंडात मात्र आहे. म्हणजे ही नकली प्रत का? शिवाय तिला कुबट वास येतो आणि पुठ्ठ्याच्या आत, कण्यालगत पांढरट भुकटी दिसते. परत करायला आठ दिवस उरलेत. मूळ सुटे अंकही घ्यावेत का? आणि पाहुण्या लेखक-चित्रकारांचे असे पक्क्या बांधणीचे आणखी कुठले संग्रह जमवावेत? घर तळमजल्यावर आहे, पुस्तकं लोखंडी कपाटात असतात.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मुदत आठच दिवसांची आहे, म्हणून आधी बुरशीचं बघू. बाकीचं थांबू शकतं.

पुस्तक कपाटात ठेवलं असेल तर आत्ताच बाहेर काढा आणि इतर पुस्तकांपासून लांब ठेवा. दिवसाउजेडी, पंखा बंद करून, एन-९५ मास्क लावून ते उघडा. मोबाइलचा टॉर्च पानाला जवळजवळ आडवा टेकवून धरा, म्हणजे उजेड तिरपा पडेल. साधी धूळ सुट्या कणांसारखी दिसते आणि कोरड्या ब्रशच्या एका फटक्यात निघते. बुरशी ठिपक्याठिपक्यांनी पसरलेली असते, जवळून बघितली तर कापसाच्या तंतूंसारखी दिसते आणि ब्रश फिरवला की फरफटते. भुकटीतले काही कण चालताना दिसले तर ते पुस्तकातले बारीक पांढरट किडे. ते बुरशीवरच जगतात, म्हणजे ओल नक्की आहे.

आता एकेक पान उलटा. पुस्तक परत करायला यातली एक गोष्टही पुरे : पानं एकमेकांना चिकटली आहेत, पानांना लाट आली आहे, किंवा कडेला पाणी वाळल्याची तपकिरी रेघ आहे. कॉमिक्सचे असे संग्रह बहुधा आर्ट पेपरवर छापतात. या कागदावर चिनी मातीसारख्या बारीक भुकटीचा थर असतो आणि तो थर चिकट द्रव्याने धरून ठेवलेला असतो. पाणी लागलं की ते द्रव्य सुटतं आणि पुस्तक मिटलेलं वाळलं की पानांची वीट होते. ती सोडवायला गेलात तर चित्र समोरच्या पानावर जातं. यावर इलाज नाही, बाइंडरकडेही नाही. तिरप्या उजेडातले फोटो काढा, विक्रेत्याने वर्णनात काय लिहिलं होतं तेही जपून ठेवा आणि प्रत पाठवून द्या.

पानं सुटी, सपाट असतील आणि भुकटी फक्त पुठ्ठ्याच्या आतल्या कागदावर असेल तर आम्ही प्रत ठेवू. किंमत बरी असेल तर नक्कीच.

ठेवायची ठरली तर आधी वाळवणं, मग झाडणं. हा क्रम उलटा करू नका. ओली बुरशी ब्रशने घासली की ती कागदाच्या आत चोळली जाते. वाळलेली भुकटीसारखी उडून जाते. जुलैत ठाण्याच्या हवेत पुस्तक नुसतं उघडं ठेवून वाळणार नाही, कारण बाहेरची आर्द्रताच ऐंशी टक्क्यांच्या वर असते आणि बुरशीला पासष्ट-सत्तर पुरतात. घट्ट झाकणाचा तीस लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाशी अर्धा किलो सिलिका जेल सुती पिशव्यांत भरून ठेवा, वर जाळी ठेवा आणि जाळीवर पुस्तक उभं, पानं पंख्यासारखी किंचित पसरून. सोबत आर्द्रतामापक ठेवा. काही शे रुपयांत मिळतो. आकडा ४५ ते ५० वर येऊन आठ-दहा दिवस तिथेच राहिला की पुस्तक वाळलं. आकडा खाली येईना तर जेल भरलेलं आहे. ते ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. निळे मणी घेऊ नका, त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, नारिंगी घ्या.

मग गॅलरीत जा, मास्क लावा आणि चित्रकलेच्या मऊ, रुंद ब्रशने कण्याकडून बाहेरच्या दिशेने झाडा, वारा पाठीमागून येईल अशा बेताने उभं राहून. सॅनिटायझर, व्हिनेगर, ओलं फडकं यांतलं काहीही लावू नका; कागदावरचा थर आणि शाई दोन्ही बिघडतात. उन्हात टाकण्याचा घरगुती उपायही इथे नको. रंग उडतात आणि पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो. डाग राहिला तर राहू द्या.

वास मात्र इतक्याने जात नाही. त्याच डब्यात वाटीभर सक्रिय कोळसा ठेवा, वाटीवर मलमलचा तुकडा बांधा आणि दोन आठवडे विसरून जा. खाण्याचा सोडाही थोडं काम करतो, पण त्याची भुकटी पानांच्या सांध्यात बसते आणि निघता निघत नाही. कापूर, अत्तर, अगरबत्ती यांनी वास जात नाही, दोन वास होतात.

किड्यांसाठी एक वेगळा उपाय आहे. वाळलेलं पुस्तक झिपच्या पिशवीत घालून, हवा काढून, डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका, नाहीतर थंड पुठ्ठ्यावर दव जमेल. याने किडे आणि अंडी मरतात. बुरशी मरत नाही, फक्त झोपते.

आता नकलीचा संशय. तो सोडून द्या. पहिला खंड २०१० चा आहे. तेव्हा तो काढणारी आर्काया ही स्वतंत्र प्रकाशनसंस्था होती. बूम स्टुडिओजने ती २०१३ मध्ये घेतली, म्हणून २०१५ च्या तिसऱ्या खंडात बूमचं नाव आहे आणि तुमच्या पहिल्यात नाही. उलट, तुमची प्रत सुरुवातीच्या छपाईतली असण्याची ही खूण आहे. खात्री करायची तर हक्कांच्या पानावर तळाशी १० ते १ आकड्यांची ओळ शोधा. अमेरिकी प्रकाशक पुनर्मुद्रण करताना या ओळीतला सर्वांत लहान आकडा काढून टाकतात. ओळीत १ असेल तर पहिली छपाई, सर्वांत लहान आकडा ३ असेल तर तिसरी. जुन्या प्रतीत आणखी दोन गोष्टी बघा. पानांच्या खालच्या कडेवर काळ्या मार्करची रेघ किंवा ठिपका असेल तर ती प्रकाशकाने उरलेला साठा म्हणून स्वस्तात काढलेली प्रत. नकली नव्हे, पण पूर्ण किमतीचीही नव्हे. ग्रंथालयातून बाद झालेल्या प्रतीवर शिक्के असतात, आणि मुख्य म्हणजे चिकटपट्टीचा गोंद असतो. तो वर्षागणिक पिवळा पडत पुढच्या पानांत झिरपतो. ‘उत्तम स्थिती’ या शब्दांवर भरवसा ठेवू नका. कण्याचे दोन्ही टोकांकडचे आणि चारही कोपऱ्यांचे फोटो मागा. या खंडांना वेष्टन नाही, चित्र थेट पुठ्ठ्यावर आहे, म्हणून दबलेला कोपरा लपवायला काहीच नसतं.

सुट्या अंकांचा प्रश्न सोडवायला हे पुस्तक मुळात काय आहे ते बघावं लागेल. डेव्हिड पीटरसन यांनी ‘माऊस गार्ड’ २००६ मध्ये सुरू केलं. मध्ययुगीन जग, त्यात उंदरांची वस्ती आणि त्यांचं रक्षण करणारी तुकडी. ‘लेजंड्स’मध्ये त्यांनी वेगळा डाव मांडला. बार्कस्टोन गावातल्या जून नावाच्या मालकिणीच्या खाणावळीत उधारी थकवलेली गिऱ्हाइकं जमतात आणि जो सर्वांत चांगली गोष्ट सांगेल त्याची उधारी माफ. गोष्ट पूर्ण खरी नको, पूर्ण खोटी नको आणि आधी कुणी ऐकलेली नको. चौकटीची कथा पीटरसन यांची, आतली प्रत्येक गोष्ट पाहुण्याची. वेताळपंचविशी वाचलेल्या माणसाला हे तंत्र समजावून सांगायला नको. पण युक्ती नुसती गंमतीची नाही. गोष्ट एका उंदराने पेल्यावर रचून सांगितलेली आहे, म्हणून पाहुणा चित्रकार मूळ मालिकेच्या इतिहासाला, नकाशाला, रेषेलाही बांधील राहत नाही. टेरी मूर, जीन हा, गाय डेव्हिस, टेड नायफे आणि जेरेमी बॅस्टियन यांच्या रेषा एकमेकींच्या शेजारी नांदतात आणि पुस्तक फाटत नाही. कॉमिक्ससाठी दिला जाणारा, २०११ चा उत्कृष्ट संकलनाचा आयझनर पुरस्कार पहिल्या खंडाला मिळाला. २०१३ च्या दुसऱ्या खंडात स्टॅन साकाई आणि रिक गीरी आहेत. तिसऱ्यात स्कॉटी यंग, मार्क बकिंगहॅम, बेकी क्लूनन.

सुटे अंक प्रत्येक खंडाचे चार. गोष्टी त्याच, आकार तोच, साधारण आठ इंच चौरस. वाचायला म्हणून घेण्याचं कारण नाही. हौसेने घेणार असाल तर एक अडचण आधीच माहीत असू द्या : कॉमिक्सच्या नेहमीच्या पिशव्या पावणेसात इंचांच्या आसपास रुंद असतात, त्यांत हे अंक जातच नाहीत. मासिकांच्या मापाच्या पॉलीप्रॉपिलीनच्या पिशव्या घ्या. पाठीला लावायचा साडेआठ बाय अकराचा आम्लमुक्त पुठ्ठा वरून कापा. तिन्ही खंडांचा पेटीसंचही निघाला आहे, पण तुमच्याकडे दोन खंड आधीच आहेत, तेव्हा पेटीच्या पुठ्ठ्यासाठी दोन पुस्तकं दुसऱ्यांदा विकत घेणं आम्हाला पटत नाही. विक्रेते आणखी एक पुस्तक पुढे करतील : २०१२ च्या ‘फ्री कॉमिक बुक डे’ला आर्कायाने फुकट वाटलेला ४८ पानांचा पुठ्ठाबांधणीचा संग्रह. त्यातली ‘माऊस गार्ड’ची गोष्ट पाहुण्याची नाही, पीटरसन यांचीच आहे, आणि ती २०१४ च्या ‘बाल्डविन द ब्रेव्ह’ या पुस्तकात आलेली आहे. फुकट वाटलेल्या पुस्तकाला फार दाम मोजू नका.

पुढे काय जमवावं हे सांगताना आमचं एकच म्हणणं आहे. संग्रहांच्या बाबतीत मोजायचं माप पुस्तक नाही, गोष्ट आहे. दिवाळी अंक आपण मुखपृष्ठासाठी जपून ठेवत नाही. अमक्याची कथा, तमक्याची व्यंगचित्रं आहेत म्हणून ठेवतो. इथेही तसंच. हे ध्यानात ठेवलं नाही की एकच गोष्ट तीनदा विकत घेतली जाते. ‘हेलबॉय : वीअर्ड टेल्स’चंच बघा. २००३-०४ मध्ये आठ अंक निघाले, मग त्यांचे कागदी बांधणीचे दोन खंड झाले आणि २०१४ मध्ये एकत्र पक्क्या बांधणीचं पुस्तक आलं. तुम्हाला शेवटचं एवढंच लागेल. ‘बॅटमॅन : ब्लॅक अँड व्हाइट’ त्याहून फसवं आहे. पहिला खंड १९९६ च्या चार अंकांचा. दुसऱ्या-तिसऱ्यात ‘गॉथम नाइट्स’ या दुसऱ्याच मासिकाच्या शेवटी छापलेल्या छोट्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. २०१३ मध्ये सहा अंकांची नवी मालिका आली आणि तिचा पुन्हा वेगळा खंड. हे सगळं एका महाखंडात घेण्याचा मोह होईल. पण जाड पुस्तकात दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग सांध्यात गडप होतो, आणि काळ्या-पांढऱ्या चित्रात तेवढी पट्टी गेली तर पुष्कळ जातं. आम्ही सुटे खंड घेऊ.

‘पाहुणे’ या शब्दाचीही फोड करून घ्या. ‘फेबल्स’ मालिकेतलं २००६ चं ‘वन थाउजंड अँड वन नाइट्स ऑफ स्नोफॉल’ अनेक चित्रकारांचं आहे, पण लेखक एकटे बिल विलिंगहॅम. ‘बेस्ट अमेरिकन कॉमिक्स’ या २००६ ते २०१९ च्या वार्षिकांत पाहुणा असतो तो संपादक. पहिल्या वर्षी हार्वी पेकार, दुसऱ्या वर्षी क्रिस वेअर. गोष्टी मात्र आधीच कुठे ना कुठे छापून आलेल्या, कधी कधी मोठ्या पुस्तकातला तुकडाच. नमुना म्हणून उत्तम, पण तुमच्या संग्रहात तो वेगळा कप्पा मागतो. ‘लिटल नीमो : ड्रीम अनदर ड्रीम’ हे २०१४ चं पुस्तक विन्सर मकाय यांच्या जुन्या वर्तमानपत्री पानाला शंभरावर चित्रकारांनी केलेला सलाम आहे. आकार सोळा बाय एकवीस इंच, म्हणजे साधारण चाळीस बाय त्रेपन्न सेंटिमीटर. घेण्याआधी कपाटाची खोली मोजा. नेहमीचं शेल्फ पंचवीस-तीस सेंटिमीटर खोल असतं, त्यात ते बसणार नाही. ते आडवंच ठेवावं लागतं आणि त्याच्यावर दुसरं काही ठेवायचं नसतं.

परदेशातून मागवताना पुस्तकाच्या किमतीखेरीज सीमाशुल्क धरा. २०१९ च्या अर्थसंकल्पात छापील पुस्तकांच्या आयातीवर पाच टक्के लागलं. मागवण्याच्या दिवशीचा दर बघून घ्या. टपालखर्च त्याहून जास्त बोचतो, म्हणून तीन-चार पुस्तकं एकदम मागवा. विक्रेत्याला पाकिटात नको, खोक्यात पाठवा म्हणून लिहा, आणि पुस्तकाच्या चारी बाजूंना दोन-दोन इंच भराव घालायला सांगा. वाटेत मार बसतो तो कोपऱ्यांनाच. दबलेला पुठ्ठा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

पुस्तक हातात आलं की बांधणी बघा. वरून कण्याकडे पाहिलं तर शिवलेल्या पुस्तकात फर्म्यांचे, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचे, छोटे छोटे कमानदार गठ्ठे दिसतात आणि फर्म्याच्या मधल्या पानात दोरा सापडतो. गठ्ठे दिसत नसतील, सपाट गोंदाची रेघ असेल तर वरून पुठ्ठा असला तरी आतून ती साधी चिकटवलेली बांधणी आहे. असं पुस्तक टेबलावर दाबून सपाट करू नका, पानं सुटतात. नवं पुस्तक कोणतंही असो, कणा टेबलावर टेकवून आधी पुढची दहा-बारा पानं, मग मागची दहा-बारा, असं दोन्हीकडून आत येत हलकेच उघडा.

कपाटाबद्दल थोडं कडक बोलायला हवं. तळमजला, लोखंडी कपाट आणि पावसाळा हे त्रिकूट वाईट आहे. रात्री पत्रा थंड होतो, आतल्या दमट हवेचं पाणी त्याच्यावर धरतं आणि मागे टेकलेल्या पुस्तकांना ते पहिलं मिळतं. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खालचा कप्पा जमिनीपासून अर्धा फूट वर येईल असं उचला आणि पुस्तकं मागच्या पत्र्याला टेकू देऊ नका. कप्प्यांत वर्तमानपत्र अंथरलं असेल तर काढा. तो कागद आम्लयुक्त असतो, ओल धरतो आणि कसरीला आसरा देतो. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ गार जागी पुन्हा स्फटिक होऊन बसते आणि प्लास्टिकच्या वेष्टनांना चिकटवते. प्रत्येक कप्प्यात पाव किलो सिलिका आणि एक आर्द्रतामापक ठेवा, आणि आकडा ६० वर गेला की जेल तापवा. पावसाळ्यात सारखं दार उघडून ‘हवा खेळती’ ठेवू नका. बाहेरची हवा आतल्याहून ओली असते. दारं उघडायची ती नोव्हेंबरपासून. पुस्तकं उभीच ठेवा, पण दोन्हीकडून आधार हवा. आर्ट पेपरचा गठ्ठा जड असतो, तो पुठ्ठ्यातून खाली लोंबतो आणि वर्षा-दोन वर्षांत कण्याजवळचा कागद फाडतो. काढताना वरच्या टोकाला बोट घालून ओढू नका. शेजारची दोन मागे सारा आणि मधोमध धरा.

शेवटी नोंदवही, जी बहुतेक जण टाळतात. दुकानं आणि ग्रंथालयं असा खंड एकाच नावावर लावतात. ‘लेजंड्स’ सगळीकडे पीटरसन या नावाखाली सापडेल, आणि बेकी क्लूनन यांचं नाव टाकून शोधलंत तर बऱ्याचदा सापडणारच नाही. म्हणून नोंद पुस्तकाची नाही, गोष्टीची करा. रकाने एवढे पुरतात : गोष्टीचं नाव, लेखक, चित्रकार, रंग कुणाचे, अक्षरं कुणाची, पानं कितवीपासून कितवीपर्यंत, पहिल्यांदा कुठल्या अंकात आली, कुठल्या खंडात आहे. तीन खंडांना एक रविवार जाईल. पुढचा खंड घेताना अनुक्रमणिका या यादीशी ताडून बघा. अर्ध्याहून जास्त गोष्टी आधीच असतील तर तो सोडा.

यादीत एक रकाना सहीचाही ठेवा. कॉमिक कॉनसारख्या कॉमिक्सच्या मेळाव्यात पाहुणा चित्रकार भेटला तर सही पहिल्या पानावर घेऊ नका, त्याच्या स्वतःच्या गोष्टीच्या सुरुवातीच्या पानावर, समासात घ्या. पेन आपलं न्या, पिगमेंट शाईचं, ०.५ किंवा ०.८ चं. जेल पेन आर्ट पेपरवर पसरतं आणि बॉलपेनचा दाब मागच्या पानावर उमटतो. सही झाली की पाच मिनिटं पुस्तक उघडंच धरा आणि मग बटर पेपरचा तुकडा घालून मिटा.